फुफ्फुसाला रविवार

माधवीनं बाटली हातात घेतली आणि तिचा चेहराच उतरला.

"आत्या, तू ही बाटली धुतली का?"

"मंग? साबनानं घासली, उन्हात वाळवली," केशरबाई म्हणाली. "एवढ्या शिकलेल्या पोरीनं मळकी बाटली देल्ली, असं कोनी म्हनू नये."

"अवं, ती निर्जंतुक होती! फक्त धूळ भराच्या वक्ती उघडाची होती."

"म्हंजे माया धुन्यानं ती घान झाली?"

"हो."

"बाप्पा! अमरावतीचं शिक्षन लय वरचं हाय बरं," केशरबाई म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

केशरबाई अकोल्यातल्या एका जिनिंगमध्ये बावीस हंगाम काम करत होती. कापूस यंत्रात घालायचा, सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे, आणि मधल्या हवेत धूळच धूळ. ती धूळ छातीत गेल्यावर काय करते, हेच तिची भाची अमरावतीच्या कॉलेजात पीएचडीसाठी शोधत होती. त्यासाठी माधवीनं सिमकार्डाहून थोडी मोठी, पारदर्शक रबरासारखी एक चकती बनवली होती. आत केसाएवढ्या दोन वाटा, मध्ये पातळ पडदा, पडद्यावर माणसाच्या श्वासनळीच्या जिवंत पेशी. वरून हवा, खालून पोषण देणारं पाणी. याला शास्त्रात चिपवरचं फुफ्फुस म्हणतात. केशरबाई त्याला 'मधीचं लेकरू' म्हणायची, कारण माधवी सणावारालाही त्याला टाकून येत नसे.

माधवीजवळ दुसरी बाटली होती. सकाळी ती स्वतः जिनिंगमध्ये गेली, धूळ भरून घेतली, दहा मिनिटं खोकली आणि बसनं अमरावतीला परतली.

सोमवारपासून तिनं चिपला रोज ठरावीक धूळ द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पेशी चांगल्याच चिडल्या. खालच्या पाण्यात सूज आल्याची खूण भरपूर उतरली. दुसऱ्या दिवशी निम्मी. शनिवारपर्यंत जवळजवळ काहीच नाही. पेशी मेल्या म्हणावं, तर तपासणीत त्या ठणठणीत.

तिच्या मार्गदर्शक डॉक्टर चारुशीला मॅडम आलेख पाहून म्हणाल्या, "तुझं फुफ्फुस सरकारी नोकरीत लागलंय, माधवी. पहिल्या दिवशी उत्साह, मग सगळं शांत."

माधवी हसली खरी, पण रविवारी जेवण गेलं नाही. दोन वर्षांची मेहनत होती. तिनं रविवारीही धूळ दिली, सोमवारीही दिली. आलेख आडवाच.

सोमवारी संध्याकाळी तिनं आत्याला फोन लावला, तर पलीकडून आधी खोकलाच ऐकू आला.

"आत्या, दवाखान्यात जा ना व."

"काहाले? हा सोमवारचा खोकला हाय. रविवारी घरी रायलं की सोमवारी छाती भरते. मंगळवारी कमी, शनिवारी तर माहीतबी नाई पडत. साऱ्या बायांचं असंच हाय." मग तिनं विचारलं, "तुया लेकराची सुट्टी कोन्त्या दिवशी असते?"

"त्याले कायची सुट्टी? आठ दिवस झाले, रोज धूळ देऊन राहिली मी."

"आठ दिवस! अवं, आमचा मालकबी इतका वाईट नाई. दे त्याले एक रविवार."

माधवीनं फोन तसाच टेबलावर ठेवून वहीतले मंगळवार आणि बुधवार खोडले. केशरबाईला वाटलं, फोन कटला.

दुसऱ्या दिवसापासून माधवीनं दोन दिवस धूळ बंद ठेवली आणि गुरुवारी पुन्हा दिली. शुक्रवारी सकाळी सुजेचा आकडा पहिल्या सोमवारच्या तोडीस तोड. तिनं आणखी तीन चिपांवर तसंच करून पाहिलं. चारही चिपांना सुट्टीनंतर छाती भरत होती. चारुशीला मॅडमनी कपाटातून कापड गिरण्यांच्या कामगारांवरचं एक जुनं वैद्यकीय पुस्तक काढलं. त्यात सोमवारच्या त्रासावर आख्खं प्रकरण होतं.

"माझ्या डोक्यामागच्या कपाटात होतं," त्या ओशाळून म्हणाल्या. "तुझ्या आत्यांना एकदा घेऊन ये."

केशरबाई ठेवणीतलं पातळ नेसून आली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती बराच वेळ उभी राहिली. पेशींवरचे बारीक केस एका लयीत हलत होते.

"वाऱ्यावर गहू डोलते, तसं दिसते," ती म्हणाली. "मायाबी छातीत असंच हाय?"

"हो. पण बावीस हंगामांनी किती उरलंय, ते तपासायला हवं," मॅडम म्हणाल्या.

केशरबाईनं भाचीकडे पाहिलं. माधवी पाच वर्षं हेच सांगत होती. तिचं मात्र केशरबाईनं कधी इतकं निमूट ऐकून घेतलं नव्हतं. त्याच दुपारी दोघी दवाखान्यात गेल्या. नळी तोंडात देऊन तंत्रज्ञ म्हणाला, "जोरात फुंका, आजी."

"चूल फुंकन्यात माई जिंदगी गेली, मले कायले शिकवतं?" म्हणत तिनं फुंकलं. दम मात्र मध्येच तुटला. तिसऱ्या खेपेला तिचे डोळे भरून आले. माधवीनं तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला नाही.

डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला आणि धुळीतलं काम बदलायला सांगितलं. पंधरा दिवस मुकादमाशी भांडून केशरबाईनं रुईच्या बांधलेल्या गठाणी मोजायचं काम मिळवलं. परवा तिचा मॅडमना फोन आला होता. जिनिंगमधल्या चौघींना तिनं फुंकायला तयार केलं होतं, आणि कोणत्या दिवशी आणू, असं विचारत होती. मॅडमनी लगेच सोमवार सांगितला.