हिरवी कड

स्लाइडवरची हिरवी कड पुसट होत चालली होती — की पापणी न लवल्यामुळे डोळाच पाण्याने भरला होता... माधुरीने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली नाही. मघाशी तिथे उजेड होता, निदान तुटक तरी. लाली कुत्रीच्या गाठीतल्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनाला बिलगलेली, चमकता रंग जोडलेली प्रतिपिंडं निळ्या प्रकाशात हिरवी उजळली होती. कड सलग असली तर डॉक्टर पंकज दुपारी गाठ काढणार होते. नसली तर पेशींनी एकमेकींना सोडलेलं, त्या अंगभर कुठे कुठे पोचलेल्या, आणि मग कुत्रीला चिरण्यात अर्थ नव्हता, तशीच कोल्हारला परत न्यायची.

आधी फोटो, मग डोळे — नगरच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या या अंधाऱ्या खोलीतला पहिला नियम, नवख्यांना तीच शिकवायची. कारण ज्या प्रकाशात ही कड दिसते तोच तिला जाळत जातो. आणि आज ती स्वतःच... नुसती बघत राहिली होती.

दाराबाहेरून रंगुबाईंचा आवाज आला. "ताई, अंधार करून काय बघता वं एवढं? आमच्या उसात बिबट्या बी असाच बसतो दबा धरून."

"झालंच, मावशी."

"होऊ द्या सावकाश. लालीला उपाशी ठेवलीय तुमच्या सांगन्यावरनं. माझ्याकडं अशी बघती, जशी काय मीच तिची भाकर खाल्ली." मग, खालच्या आवाजात, "वस्तीवर आमी दोघीच हाय. चिरायची तर चिरा, पर माघारी तिच्या पायानं चालली पायजे."

आई गेली तेव्हा तिची बोटं माधुरीच्या मनगटाभोवती तशीच राहिली होती, नर्सने एकेक करून सोडवली... जे संपलं होतं ते धरून होतं, आणि इथे जे जिवंत आहे, वाढतं आहे, ते सोडत सुटलं आहे. त्या वेळीही ती बोटांकडेच पाहत होती, मॉनिटरकडे नाही. जोवर पाहिलं नाही तोवर ती रेघ सरळ झाली नव्हती.

समोरचं वर्तुळ आता पुरतं काळं. हा काळोख रोगाचा की तिच्या बघण्याचा, या जागेपुरतं कुणालाच सांगता येणार नव्हतं. पण नॉब जरासा फिरवला की शेजारच्या, अजून कुणी न पाहिलेल्या पेशी समोर येणार होत्या — त्यांच्यापासून सुटका नव्हती.

लाज वाटायला हवी होती. छातीत पसरत होती ती ऊब, निवांत, जवळजवळ सुखाची. आणि त्या उबेत हळूहळू, थंड पाण्यासारखं आत झिरपत गेलं, की फोटोचा नियम ती विसरली नव्हती. क्षणभरही नाही.

बाहेर नखं फरशीवर खरखरली.

"बस गं," रंगुबाई म्हणत होत्या, "बघत्यात ताई."

माधुरीने डोळे मिटून घेतले होते, केव्हापासून ते तिला आठवेना.