धाकटीचे दात

जावा-जावा, उभा दावा म्हणतात. आमच्यात तो कधी नव्हता, म्हणून तर मी आंधळी राहिले. दोघींचे नवरे गेले. तेव्हापासून मी आणि माझी धाकटी जाऊ एकाच घरात राहतो आणि खालच्या गाळ्यात शिवणाचं दुकान चालवतो. पँट आखूड करायची, चेन बदलायची, उसवलेलं शिवायचं.

माझे दात हलायला लागले तशी मी दुधात पाव बुडवून खायला लागले. धाकटीनंही बुडवला. "माझेही ठणकतात हो, ताई. वयच झालं आपलं," म्हणाली. केवढा धीर आला मला! दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणून आम्ही दोघी खदखदा हसायचो. दातांच्या डॉक्टरकडे जाणाऱ्या म्हाताऱ्यांची मी तर नक्कलच करायचे. शेजारीण कवळी बसवायला निघाली तेव्हा मी म्हटलं होतं, "नवरी निघाली बघ!" धाकटीनं पोट धरलं होतं.

दुकानातल्या पडद्यामागून कधीकधी कुरतडल्यासारखी कुरकुर ऐकू यायची. मी उंदराचा पिंजरा लावला.

परवा माझा गाल सुजला, इतका की चष्मा धड बसेना. "जायलाच हवं आता डॉक्टरकडे. चल सोबत," मी म्हटलं. धाकटीचा चेहरा पडला. "गिऱ्हाईक येणारंय, ताई. तुम्ही या जाऊन." मला वाटलं, भित्री आहे बिचारी.

डॉक्टरीण पोरसवदा, पण हात हलका. बराच वेळ आत बघून म्हणाली, "आजी, दात वयानं पडत नाहीत, हिरड्या कुजल्या की पडतात. खालचे हे चार काढावेच लागतील. आधी आला असता तर वाचले असते. घासताना रक्त येत नव्हतं का?"

यायचं की. धाकटीला दाखवलंही होतं मी. "या वयात येतंच," असं म्हणाली होती ती.

"आणि दोरा दातानं तोडता वाटतं? पुढच्या दाताला खाच पडलीये."

मी आ वासून पडलेली आणि तिचा हात माझ्या डोळ्यांसमोर. पांढऱ्या कोटाची बाही आखूड केलेली होती, हातशिलाईनं. धाकटी डावखुरी आहे, तिचा टाका उलट्या बाजूला झुकतो. हजार टाक्यांत ओळखेन मी तो.

तोंड मोकळं झाल्यावर विचारलं, "ही बाही कुणी केली?"

"आहेत एक आजी. सहा-सहा महिन्यांनी दात तपासून घ्यायला येतात. बाही हातावर येते म्हटलं, तर म्हणाल्या, आण, मी करून देते. गोड आहेत हो!"

गोड! ही गोड बाई गळ्यात छोटी कात्री अडकवून फिरते. मी विचारलं तर म्हणायची, दोऱ्याचा रंग कडू लागतो. आणि मी खुळी तिच्या शेजारी बसून कटाकट दोरे तोडत होते.

दुकानात शिरले ती चप्पल न काढताच. "कधीपासून जातेस?"

मशीन थांबलं. खोटं नाही बोलली, एवढं खरं. "हे गेले, त्याच्या पुढच्या वर्षापासून."

"आणि तो पाव?"

"तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून, ताई."

"आणि उंदीर?"

ती खाली बघून म्हणाली, "शेंगदाणे."

"रक्त दाखवलं तेव्हा तरी बोलायचंस!"

"बोलले असते तर मी जाते ते कळलं असतं. तुम्ही हसला असता. नवरी निघाली, नवरी निघाली करत साऱ्या गल्लीला सांगितलं असतंत."

"हसले असते!" मी ओरडले. "पोटभर हसले असते! पण हसायला दात तरी राहिले असते माझे! माझ्या हसण्याला घाबरून कुजू दिलेस होय गं ते? माझ्याच ताटाला ताट लावून? केसानं गळा कापलास, धाकटे."

ती रडायला लागली. एरवी मी पदरानं तिचे डोळे पुसले असते. या वेळी हातच उठला नाही.

सूज उतरली की चार दात जाणार. बाकीचे टिकतील, नीट घासले तर, असं डॉक्टरीण म्हणालीये. तिनं दिलेला मऊ ब्रश मी संध्याकाळी काढला तर धाकटी लगेच पुढे आली. "तसा नाही धरायचा, ताई. मी दाखवते."

"तू मला काही दाखवू नकोस."

मी बाथरूममध्ये जाऊन कडी घातली. ती दाराशी उभी राहून हुंदके देत सांगत होती, "हिरडीवर तिरपा धरा. जोर नका लावू. हळू, गोल गोल." मी तस्संच करत होते. तिला कळू नये म्हणून नळ मोठा सोडला होता.