उलटं देज

रविना सिलेक्ट झाली ही बातमी वाडीत पोचली, तेव्हा सिलेक्ट म्हणजे काय हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पण शब्दच असा होता की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. खर्डीच्या पुढे डोंगराला लागून असलेली अठ्ठावीस घरांची ती ठाकरवाडी. तिथं याआधी कुणी सिलेक्ट झालं नव्हतं, पोलीस भरतीतसुद्धा नाही.

झालं होतं असं. २००२ साल. अकरावीचा फॉर्म भरायला रविना शहापूरला गेली होती. बाजारपेठेत एका मॅडमनी तिला थांबवलं, हनुवटी धरून तोंड इकडे-तिकडे वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "काय उंची आहे गं तुझी! आमची मॉडेलिंगची अकॅडमी आहे. रविवारी निवड आहे, वडिलांना घेऊन ये." आश्रमशाळेत याच उंचीवरून पोरी तिला 'शिडी' म्हणायच्या. अशा पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला मॅडमना फार कष्ट पडले नाहीत.

फी मॅडमनी तेव्हाच सांगून ठेवली, आणि घरात तेवढे पैसे एकाच कामासाठी होते. रविनाचा भाऊ भगीरथ, त्याचं लग्न धसईकडच्या भिमीशी ठरलेलं. ठाकरांत पोराच्या बापाने पोरीच्या घरच्यांना देज द्यायचं असतं. पोरगी आपल्या घरी येणार, तिचे हात आपल्याकडे राबणार, म्हणून. ते देज रविनाच्या बापाने, चांगोने, दोन वर्षं हिरडा आणि डिंक विकून जमवलं होतं. रविना दोन दिवस जेवली नाही. "पयल्या कामाच्या पैशात भरून काढीन, बा," म्हणाली. भगीरथ नुसतं म्हणाला, "दे तिला." चांगोने पुरचुंडी कमरेला खोचली.

अकॅडमी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली. भिंतीवर गोऱ्यापान बायांचे फोटो, बाकांवर दहा-बारा पोरी आणि त्यांचे आईबाप. एकेकीला पडद्यासमोर चालायला लावलं आणि काय नवल, सगळ्याच्या सगळ्या सिलेक्ट झाल्या! हे रविनाच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं, पण तिने ते मनातून झटकून टाकलं.

मग मॅडमनी कागद पुढे सरकवला. "बाबा, पाच वाजेपर्यंत फी भरा. पोरीचं नशीब दारात उभं आहे. आज नाही भरलीत तर तिची जागा दुसरीला जाईल."

"चार मानसांत बसून सांगतो," चांगो म्हणाला. "पोरीची गोष्ट हाय. एका बैठकीत नाय उरकत."

"चार माणसं काय तिचं भविष्य घडवणार आहेत? तुम्ही बाप आहात ना?"

चांगोने कागद उलटसुलट करून पाहिला. मग त्याने अगदी सरळ मनाने विचारलं, "बाय, तुमी पोरगी कामाला नेताव ना?"

"हो तर!"

"मंग देज तुमी द्यायचं. आमी कसं? ज्याला पोरगी पायजे तो देतो."

मॅडमना कळेना. बाकावरचा एक चष्मेवाला बाप म्हणाला, "अहो, यांच्यात पोरीचे पैसे घेतात." खोलीभर हशा पिकला. रविनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आपण बापासारख्या अडाणी नाही हे त्या लोकांना दिसावं म्हणून तीही हसली.

चांगोने तिच्याकडे पाहिलं. तो रागावला नाही. कागद तिच्याकडे देत म्हणाला, "तू शिकलीस. काय लिवलंय ते वाच गो."

कागद मराठीतच होता. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'काम मिळवून देण्याची हमी संस्था देत नाही. भरलेली फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही.' रविनाने ते दोनदा वाचलं. मागे अजून कुणीतरी खुसखुसत होतं. हे मोठ्याने वाचलं तर बाप पुन्हा काहीतरी विचारणार, लोक पुन्हा हसणार, आणि मग सगळ्यांच्या देखत फी न भरता उठून जायचं. मॉडेल होणं त्या घडीला राहिलंच बाजूला. तिला फक्त ते हसू थांबायला हवं होतं.

"तीन महिन्यांत काम देणार असं लिवलंय," ती म्हणाली.

चांगोने अंगठा उठवला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

आठ रविवार चालायला, वळायला, हसायला शिकवलं. नवव्या रविवारी दाराला कुलूप. हार्डवेअरवाला म्हणाला, "माझंही भाडं बुडवून गेल्या." घरी येऊन रविनाने सांगितलं, काम येईल, वेळ लागतो. हे ती दिवाळीत म्हणाली, संक्रांतीला म्हणाली. बाप दर वेळी "बरं" म्हणायचा, आणि ती हंडा उचलून पाण्याला निघून जायची.

माघात भिमीचा चुलता मंगळू चार माणसं घेऊन आला. अंगणात बैठक बसली.

"देज कवा?" मंगळूने विचारलं.

"पोरीच्या कामात गुतलंय. येल."

"म्हंजी पोरगी बी तूच दिलीस न् देज बी तूच दिलंस?" मंगळू खो खो हसला. "उलटं देज! आमी तर नाय ऐकलं बाबा कवा."

भगीरथ मान खाली घालून बसला होता. चांगो मात्र ताठ होता. "मी येडा नाय, मंगळू. काम देनार असं कागदावर लिवलंय. माझ्या पोरीनं वाचलंय." तो आत गेला आणि पत्र्याच्या पेटीतून कागद घेऊन आला. "वाच गो. ऐकव यास्नी."

अंगणात वाचता येणारी ती एकटीच होती. पुन्हा तेच म्हटलं असतं तर हटकणारं कुणी नव्हतं, आणि कदाचित सोयरीकही तगली असती. पण बाप इतक्या भरवशाने पाहत होता की तिच्याने खोटं बोलवेना. तिने तळाची ओळ वाचली, जशीच्या तशी.

मंगळूने खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि उठला. "बोलनी संपली, चांगो. भिमीला आमी दुसरीकडं बगतो."

भगीरथ जागचा हलला नाही. चांगोने पोरीच्या हातातून कागद घेतला, नीट घडी घातली आणि निघालेल्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "अक्षार लय बारीक हाय. तवा तिला दिसलं नसंल."

"दिसलं होतं, बा," रविना म्हणाली.