केकच्या भांड्यावर जोडलेला चार्जर

मी एक जुना, घरी बनवलेला चार्जर आहे. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात नाही, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका स्वयंपाकघरात झाला.

हिमवादळाचा तिसरा दिवस होता. गेलेली वीज क्षणभर आली, ती इतक्या जोरात की घरातल्या आजारी रोझेरच्या श्वासयंत्राचा चार्जर जळाला. रस्त्यावर झाडं आडवी पडलेली, रुग्णवाहिका पोहोचेना. यंत्र आता फक्त बॅटरीवर चालत होतं. बॅटरी चार तासांची.

रोझेरची बायको ओडील पूर्वी रेडिओ दुरुस्त करायची. शेजारच्या गिलमनने जनरेटर आणून लावला. तिने जुन्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर उपसून काढला. व्होल्टेज आवरणारे तीन पायांचे रेग्युलेटर तिच्याकडे दोनच होते.

पहिला तिने घाईत उलटा जोडला. फट्‌ आवाज झाला, धूर निघाला.

"टोस्ट करपवतेस, आता हेही करपव," खोलीतून रोझेर धापा टाकत म्हणाला.

"गप्प बस रे! बोलण्यात श्वास घालवू नकोस," ती ओरडली आणि तिथेच रडू लागली.

गिलमन हळूच म्हणाला, "ओडील, एक उरलाय ना अजून?"

"उरलाय. म्हणूनच हात चालत नाहीयेत माझे."

तिने डोळे पुसले. उरलेल्या रेग्युलेटरचा प्रत्येक पाय दोनदा तपासला. मी तापू नये, उष्णता पत्र्यात उतरावी म्हणून मला केकच्या भांड्यावर घट्ट बसवलं. मीटर बघत स्क्रू केसभर फिरवला: व्होल्टेज जास्त झालं तर बॅटरी फुगणार, कमी पडलं तर भरणार नाही. तोवर यंत्र धोक्याची शिटी वाजवू लागलं होतं.

तिने मला जोडलं. मी भाजून निघालो, पण थांबलो नाही. थोड्या वेळाने शिटी बंद झाली. दुसऱ्या दुपारी रस्ता मोकळा झाला, तेव्हाही रोझेर श्वास घेत होता.

तो आणखी तीन हिवाळे जगला. तो गेल्यावर यंत्र दवाखान्यात परत गेलं. मला मात्र कुणी मागितलं नाही. मी कपाटात धूळ खात पडलो.

गेल्या आठवड्यात गिलमनच्या बहिणीला तसंच यंत्र मिळालं. ओडीलने मला बाहेर काढून मीटर लावला. काटा नुसता थरथरत राहिला. वीज साठवून स्थिर ठेवणारा माझा कपॅसिटर फुगला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने शांतपणे तो बदलला.

मित्रांनो, त्या दिवशी बाहेर ऊन होतं, घरात वीज होती. म्हणून माझा दोष कुणाच्या जिवावर बेतला नाही. तुमच्या कपाटातही माझ्यासारखा कुणी असेल. त्याला आजच एकदा तपासून बघा.