छोटं फाटक

बाईंनी छोट्या फाटकाची कडी सरकवली तेव्हा बस कोपऱ्यावर वळत होती. मुलं धडाधड उतरली, दप्तरं सावरत धावत आली आणि गज धरून धापा टाकत उभी राहिली. सगळ्यांत पुढे बाईंची लेक होती. धावण्यात ती कोणाला हार जात नसे.

"मॅडम, बसच उशिरा आली," ती म्हणाली.

घरी आई आणि शाळेत मॅडम, हा नियम बाईंनीच घालून दिला होता.

"मग आधीची बस पकडावी," बाई म्हणाल्या. "प्रार्थना होईपर्यंत बाहेरच थांबा सगळे."

बाई या शाळेच्या पर्यवेक्षिका. मुलांनी त्यांना 'कुलूपबाई' असं टोपणनाव पाडलं होतं आणि ते कानावर आलं तेव्हा त्या मनातून खूशच झाल्या होत्या. रोज त्या स्कूटरवरून येत, आणि त्याच घरातून, त्याच शाळेत येणारी लेक मात्र बसने. शिक्षिकेची मुलगी म्हणून तिला कसलीही सवलत नको, बाकीची मुलं जशी येतात तशीच तिनेही यावं, असा त्यांचा खाक्या. 'आता जेवायला बसतानाही घंटा वाजव, तेवढंच राहिलंय,' असं नवरा म्हणायचा. बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

आज मात्र कडीवरचा हात जरा रेंगाळला. सत्रात तीनदा उशीर झाला की मूल शाळेच्या संघातून बाद, आणि लेकीचा हा तिसरा उशीर होता. शनिवारी आंतरशालेय रिले शर्यत होती. शेवटचा टप्पा लेक धावणार होती. त्या शर्यतीच्या ध्यासाने ती हल्ली धावायचे बूट उशाशी ठेवून झोपायची.

तेवढ्यात पलीकडे हॉर्न वाजला. शाळेचं मोठं फाटक गाड्यांसाठी होतं, थेट मुख्याध्यापकांच्या खिडकीखाली. पहारेकऱ्याने ते सताड उघडलं. गाडीतून संस्थेच्या अध्यक्षांची नात उतरली, हातातलं सफरचंद संपवलं आणि सावकाश आपल्या वर्गाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या नावावर आजवर एकही उशीर नव्हता, कारण मोठ्या फाटकावर उशीर मोजायची पद्धतच नव्हती.

गजांमागच्या मुलांनी गाडीकडे पाहिलं आणि मग बाईंकडे. बाईंनी माईक हातात घेतला, पाठ फिरवली आणि 'सावधान' म्हणाल्या.

दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"तुमच्या मुलीचं काय करायचं? बसमुळे झालं म्हणतात. मी काणाडोळा करू शकतो."

"बसमधल्या बाकीच्या मुलांचं काय?"

"बाकीचे कुठे धावणार आहेत?"

"मग नको, सर. नियम म्हणजे नियम. उद्या मी कोणत्या तोंडाने फाटकावर उभी राहू?"

मुख्याध्यापकांनी इतक्या झटकन मान डोलावली की बाई क्षणभर गोंधळल्या.

"तुमच्याकडून हीच अपेक्षा होती. मग राखीव मुलीला घेऊ संघात."

राखीव कोण, हे बाईंना ठाऊक होतं. ती तर बसच्याही नंतर आली, हे वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं आणि बाईंनी ते गिळलं. मोठं फाटक आपल्याकडे नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ते खरंच होतं, आणि सोयीचंही.

संध्याकाळी लेक धावायचे बूट कपाटाच्या तळाशी ढकलत होती. बाई वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"तू आम्हाला थांबवलंस त्याचं काही नाही," लेक म्हणाली. "उशीर तर झालाच होता."

"मग तोंड का पाडलंयस?"

"ती गाडी तुला दिसली ना?"

"मोठं फाटक माझ्याकडे नाही."

"दिसली का, एवढंच विचारतेय."

बाईंनी रिकाम्या शेंगेतून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"अभ्यासाला बस," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक स्वतः माईकवर आले. बाईंना त्यांनी शेजारी उभं केलं.

"शिस्त कशाला म्हणतात ते या मॅडमकडून शिका. स्वतःच्या पोटच्या मुलीलाही यांनी सोडलं नाही. आपल्या शाळेत लहानमोठा असा भेद नाही, सगळ्यांना नियम सारखाच. टाळ्या!"

मैदानभर टाळ्या कडाडल्या. पुढच्या रांगेत अध्यक्षांची नात संघाचा नवाकोरा टी-शर्ट घालून मनापासून टाळ्या वाजवत होती. नववीच्या रांगेत लेकही वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवाही नव्हता. सगळी वाजवतात तशी तीही वाजवत होती. निदान तिने हात खाली ठेवले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटून गेलं.

बाईंनी हात वर केला की टाळ्या थांबवायच्या, अशी शाळेची सवय होती. बाईंचा हात वर जाईना. मुलं वाजवतच राहिली, लहान वर्गांना तर त्याची गंमत वाटायला लागली, आणि शेवटी मुख्याध्यापकांनाच हसत हसत 'पुरे, पुरे' म्हणावं लागलं. त्या दिवशी बाई कोणत्याच वर्गावर ओरडल्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत दोघांनी त्यांचं अभिनंदन केलं. तिसऱ्याने नुसतंच पाहिलं, आणि ते पाहणं त्यांना घरापर्यंत पुरलं.

रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. आपण नियम सगळ्यांना सारखा लावला नव्हता. ज्यांना लावता येत होता त्यांनाच लावला होता, आणि त्यांतलं सगळ्यांत हाताशी असलेलं मूल आपलं होतं.

सकाळी त्यांनी स्कूटर बाहेर काढली. मागच्या सीटवर कायम तपासायच्या वह्यांची पिशवी बांधलेली असायची. ती सोडून त्यांनी पुढे पायाशी ठेवली. फडक्याने सीट पुसली, जिथे धूळ नव्हती तिथेही पुसली. लेक दप्तर अडकवून बाहेर आली.

"आज माझ्याबरोबर चल," बाई म्हणाल्या. "आणि आता रोजच येत जा."

लेकीने पुसलेल्या सीटकडे पाहिलं. खाली वाकून शाळेच्या बुटाची नाडी घट्ट केली.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "मला आधीची बस मिळेल."

दारात त्या दोघींशिवाय कोणीच नव्हतं. बाई स्कूटरचं हँडल धरून तशाच उभ्या राहिल्या. लेक फाटक नीट लावून रस्त्याला लागली. कोपऱ्यावर बस येताना दिसत होती, तरी ती धावली नाही.