टेडला आशीर्वाद नाही

दुपारी बेसबॉलच्या हिवाळी सामन्यांना तोंड लागणार होतं, आणि तेलेस्फोरोला, घरच्या फोरोला, आईनं अजून आशीर्वाद दिला नव्हता.

पोर्तो रिकोत लेकरू, पाचाचं असो की पन्नाशीचं, उंबऱ्यावर येतं ते "आई, आशीर्वाद" म्हणत. आतून "देव तुझं भलं करो" आलं की मग पुढचं बोलणं. त्या शब्दांवाचून फोरो उभ्या जन्मात गावच्या मैदानात उतरला नव्हता.

घोटाळा केला तो कार्डानं. अमेरिकेत च्युइंगगमच्या पुडीत खेळाडूंची रंगीत कार्डं निघतात. यंदा त्यात तिकडं खेळायला गेलेला फोरो होता, खांद्यावर बॅट, गालभर हसू. आणि खाली छापलेलं, टेड अरोयो.

"आई, आशीर्वाद."

एन्ग्रासिया ओल्या तुरी सोलत राहिली. "कोण आलंय?"

"मी गं, फोरो."

"फोरो उत्तरेला गेला तो गेलाच. हा कुणी टेड दिसतो. त्याची आई असेल तिकडं, तिला माग."

"अगं, तिकडच्या लोकांच्या जिभेला माझं नाव जड जातं..."

"माझ्या नाही गेलं! जन्मलास तेव्हा निळा पडला होतास, रडेनास. त्या दिवशीच्या संताचं नाव कानात सांगितलं, तेव्हा टाहो फोडलास. ते नाव घेत पाणी भरलं, ते नाव घेत ऊस बांधला. आता संत वरून तेलेस्फोरोला हुडकतोय आणि खाली उभा टेड! चेंडू बॅटला लागेल कसा?"

हे मात्र फोरोच्या वर्मी लागलं. यंदा चेंडू खरंच लागत नव्हता.

कुंपणावरून चेओ न्हाव्यानं मान काढली. "एन्ग्रासियाबाई, टेड तर टेड, पण आज त्याला खेळू द्या. मी पैजेवर कोंबडा लावलाय!"

"मग टेडच्या आईचा कोंबडा लावायचास."

मैदानाकडून बँड वाजू लागला. फोरोनं खिशातून पेन आणि आपलं कार्ड काढलं आणि त्यावर खालून वर तिरकं लिहीत सुटला: तेलेस्फोरो, मग बापाचं अरोयो, मग आईचं बेतान्सेस. नाव टेडवरून चढलं, सदऱ्यावरून गेलं, नाकावर जाऊन थांबलं.

"अरे, थोबाडच झाकलंस की!" चेओ ओरडला.

"थोबाड पाहिलंय मी," एन्ग्रासिया म्हणाली. "तुझ्या दुकानातल्या आरशाला खोचलेलं त्याचं कार्डही आण. त्याच्यावरही लिहील तो."

चेओनं कुरकुरत आणलं. त्यावरही नाव नाकापर्यंत पोचलं. मग एन्ग्रासियानं तुरी बाजूला सारल्या, लेकाचं डोकं खाली ओढलं.

"देव तुझं भलं करो, तेलेस्फोरो अरोयो बेतान्सेस!"

गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. फोरो धावतच सुटला, आणि चेओनं कोंबड्याच्या जोडीला कोंबडीही लावली.