कवळी आणि छातीतली नळी

मी एक जुनी कवळी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका! कुणाच्या तरी आजोबांची कवळी तुम्ही पेल्यातल्या पाण्यात पाहिली असेल. शिंक आली की ती तोंडाबाहेर उडी मारते. माझी तऱ्हा वेगळी. माझ्या पोटात धातूची पट्टी आहे, तिच्यावर गुलाबी प्लॅस्टिकची हिरडी आणि त्या हिरडीत रोवलेले दात. खालच्या जबड्याच्या हाडात पाच खुंट्या बसवून त्यांच्यावर मला पेचांनी घट्ट आवळलं होतं. अर्धी धातूची आणि अर्धी प्लॅस्टिकची, म्हणून दातांच्या डॉक्टरबाई मला 'हायब्रिड' म्हणायच्या. मला वाटायचं, हे माझं एकटीचंच नाव आहे.

माझा जन्म एका लहानशा कार्यशाळेत झाला. तिथला कारागीर काम करताना शीळ घालायचा. त्याच्यासमोर एका बाईचा तरुणपणीचा फोटो टेकवून ठेवला होता. तो फोटोकडे बघायचा, मेणात एक दात बसवायचा, पुन्हा फोटोकडे बघायचा. समोरचा एक दात त्याने मुद्दाम जरासा तिरका बसवला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "हा वाकडा का?"

"फोटोत तसाच आहे," तो म्हणाला.

मला पहिल्यांदा बसवल्यावर त्या बाईने आरसा हातात घेतला आणि ती ओरडलीच, "अगं बाई! हा तर माझाच दात!"

ही बाई म्हणजे टाचणीमावशी. एका नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत ती नाटकाचे कपडे शिवायची. सतत ओठांत टाचण्या धरून बोलायची, म्हणून सगळे नट तिला याच नावाने हाक मारत. हिरड्यांच्या आजाराने तिचे खालचे दात एकेक करून गेले, तेव्हापासून ती तोंडावर हात धरूनच बोलायची आणि हसायचं तर तिने सोडूनच दिलं होतं. मी आले आणि मावशी पुन्हा खोखो हसायला लागली. एक नट म्हणायचा, "मावशी, तुम्ही विंगेत हसलात की प्रेक्षकांना वाटतं विनोद माझाच होता!" अशी स्तुती ऐकली की मी तोंडातल्या तोंडात फुशारून जायचे.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "रोज हिच्या खालून दोरा फिरवायचा. आणि वर्षातून दोनदा माझ्याकडे यायचं. मी पेच काढून हिला खालून साफ करणार." मावशीने सुरुवातीला सगळं मन लावून केलं. पण नाटकं वाढली, कपड्यांचे ढीग वाढले. दोरा कपाटाच्या मागे पडला तो तिथेच राहिला. डॉक्टरबाईंकडून फोन आला की मावशी म्हणायची, "या प्रयोगानंतर येते हो." वरून मी चकचकीत दिसायचे, कारण वरून ब्रश फिरत होता. खालच्या अंगाला मात्र चिकट थर साचत गेला. हिरडी सुजली, तिच्यातून रक्त येऊ लागलं. मावशीने ते पाण्याबरोबर थुंकून टाकलं आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

मग तिचा आवाज बदलला. मी तोंडातच राहत असल्यामुळे मला ते सगळ्यांत आधी कळलं. शब्द माझ्यापर्यंत येईस्तोवर फाटलेले असायचे. नटांना वाटलं सर्दी आहे. महिना उलटला तरी घोगरेपणा जाईना, तेव्हा तिची धाकटी बहीण तिला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. घशात काही सापडलं नाही. छातीचे फोटो काढले आणि आम्ही हृदयाच्या सर्जनसमोर जाऊन बसलो.

सर्जनने कागदावर छत्रीची मूठ काढली. "हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी अशी वळते. तुमची या वळणावर फुगली आहे. तो फुगवटा आवाजाच्या नसेला दाबतोय."

"आणि फुटला तर?" धाकटीने विचारलं.

"फुटायच्या आधीच ऑपरेशन करायचं आहे," सर्जन म्हणाला. मग मावशीकडे वळून म्हणाला, "तोंड उघडा."

"डॉक्टर, दुखणं छातीत आहे ना?"

"हो. पण आत मी नवी नळी बसवणार. तोंडातले जंतू रक्तातून जाऊन तिच्यावर बसले, तर त्यांना तिथून हुसकावणं महाकठीण." त्याने विजेरी माझ्यावर धरली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे आधी स्वच्छ करून घ्या. तोवर मी हात लावणार नाही. आणि फार दिवस थांबणंही आपल्या हातात नाही."

मावशीची जीभ माझ्यावर घट्ट दाबली गेली.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंनी माझे पेच काढले. माझी खालची बाजू त्यांनी मावशीला दाखवली आणि मग एकेक खुंटी हलवून पाहिली. पाचातली एक खुंटी हलत होती. "ही काढावी लागेल. आणि हिरडी भरेपर्यंत कवळी बाहेर ठेवायची," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मी बोळकं घेऊन ऑपरेशनला जाऊ?" मावशी तोंडावर हात धरून म्हणाली. "आत्ताच बसवा परत. नाहीतर मला ऑपरेशनच नको."

धाकटीचा बांध फुटला. "ताई, तू शुद्धीतही नसशील! कोण बघणार आहे तुझे दात?"

"मी बघणार आहे. उठल्यावर."

डॉक्टरबाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. "आत्ता बसवली तर जखम झाकली जाईल, बरी होणार नाही. मग सर्जनना ऑपरेशन करता येणार नाही. मी खोटं सांगत नाही, मावशी."

मावशीने तोंडावरचा हात तसाच ठेवून दुसरा हात पुढे केला. डॉक्टरबाईंनी मला घासूनपुसून एका डबीत ठेवलं आणि डबी त्या हातावर ठेवली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस त्यानंतर आला. हिरडी भरली होती, पण ऑपरेशन होईपर्यंत मला बाहेरच ठेवायचं ठरलं होतं. मावशी सर्जनला म्हणाली, "तुम्ही माझ्या छातीत काय बसवणार, ते मला हातात घेऊन बघायचंय." त्याने खणातून त्या कापडी नळीचा एक नमुना काढला. मावशी अंगठ्याने कापड चाचपत राहिली.

"याला चुण्या कशाला?"

"वळवली तरी चिमटू नये म्हणून."

"आणि पुढे या तारा?"

"अर्धा भाग नुसतं विणलेलं कापड, तो मी शिवतो. पुढच्या अर्ध्या भागात तारांची जाळी आहे. ती त्याच रक्तवाहिनीच्या खालच्या भागात सरकवून सोडली की आपोआप उघडते आणि आतून टेकून राहते. तिथवर सुई न्यावी लागत नाही. दोन तऱ्हांची मिळून एक, म्हणून हिला हायब्रिड म्हणतात."

तो शब्द ऐकला मात्र, मावशीने पर्समधून डबी काढली आणि मला टेबलावर नळीशेजारी ठेवलं. "ही पण!"

सर्जन हसला. मला उचलून उलटंसुलटं करत त्याने विचारलं, "हिचे पेच कुठून जातात हो?" मावशी त्याला दाखवू लागली. तेवढ्या वेळात मी त्या नळीकडे टक लावून बघत होते. पांढरीशुभ्र, हलकी, आणि किती शांत! तिला शंभर गोष्टी विचाराव्याशा वाटल्या. तुला कुणी विणलं? तिकडे आत कधी उजाडतं का? हृदयाच्या इतक्या जवळ राहायची भीती नाही वाटत? पण ती गप्प होती आणि मलाही तोंड असून बोलता येईना.

"माझा आवाज परत येईल?" मावशीने जाता जाता विचारलं.

"जिवासाठी जे करता येईल ते सगळं करीन. आवाजाचं वचन मात्र देता येत नाही," तो म्हणाला.

ऑपरेशनच्या दिवशी मी धाकटीच्या मुठीत होते. ती बाकावर बसून डबीचं झाकण उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. शेवटी सर्जन बाहेर आला. त्याच्या गालांवर मास्कचे वळ उठले होते. "नळी बसली. हृदय आपलं आपण चालतंय," तो म्हणाला. धाकटीचा जीव भांड्यात पडला आणि डबी जमिनीवर.

मावशी शुद्धीवर आली तेव्हा धाकटीने डबी उघडून उशीशी ठेवली होती. मावशीचा हात आधी तोंडाकडे गेला. मग तिला धाकटी दिसली. नाक लाल, केस विस्कटलेले, रडता रडता हसणारी. हात तसाच खाली आला आणि मावशी हसली, बोळक्याने, सगळ्या नर्सांसमोर. त्या हसण्यात माझा एकही दात नव्हता. तरी इतकं सुंदर हसू मी तिच्या तोंडात असताना कधी पाहिलं नव्हतं.

पुढे यथावकाश मला उरलेल्या चार खुंट्यांवर बसवलं. आवाज काही पूर्ण परतला नाही. नाट्यगृहात आता घोगऱ्या आवाजात हुकूम सुटतात आणि नट पूर्वीपेक्षा जास्त घाबरतात. दोरा मात्र रोज फिरू लागला. मी झिजेपर्यंत काम केलं. मग माझ्या जागी नवी आली आणि डॉक्टरबाईंनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. घाबरलेला कुणी आला की त्या मला त्याच्या हातात देतात.

मित्रांनो, मला काढता येत होतं, उलटं करून घासता येत होतं. मावशीच्या छातीतली ती नळी कुणी काढून पुसू शकत नाही. तिच्यासाठी जे करायचं, ते तोंडातच करावं लागतं. म्हणून आरशात दिसणारे दात घासून झाले की थांबू नका. मागे, खाली, फटींत, जिथे कुणी बघत नाही तिथेही ब्रश फिरवा. आत, अंधारात, तुमच्या भरवशावर कुणीतरी न थांबता काम करत असतं.